विहिरीतल्या पिल्लाची माफी

आमच्या वस्तीत सगळ्यात भित्रं कोण असं विचारलंत, तर शेंबडं पोरही सिलापेईच्या झोपडीकडे बोट दाखवील. सिलापेई माझी सवत. माझे गुडघे धरायला लागले, पाण्याचे डबे एकटीला उचलवेनात, तेव्हा आमच्या म्हाताऱ्याने, म्हणजे लेसेपेनने, डोंगराकडच्या एका घरातून तिला करून आणली. राग आला का मला? आला की! न यायला मी काय दगड आहे? पण आली ती मान खाली घालून, आणि पहिल्याच संध्याकाळी कुंपणाबाहेर तरस ओरडलं तशी धावत माझ्या झोपडीत येऊन बसली. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. असल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

भांडले नाही, पण बोलले. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. ती विजेला भ्यायची, सापाला भ्यायची, सापासारख्या दिसणाऱ्या दोरीलाही भ्यायची. दुधाची गाडी आली की दुधाने भरलेला पोकळ भोपळा माझ्या हातात देऊन झाडामागे उभी राहायची. मी म्हणायचे, "अगं भित्रे भागूबाई, गाडी काय चावते का तुला?" बायका हसायच्या, तीही हसायची. मला वाटायचं, चला, थट्टा तरी कळते हिला.

एक गोष्ट मात्र कबूल करते, शेळ्यांचं तिच्याइतकं कुणाला कळत नाही. डोळे मिटून नुसत्या खोकण्यावरून सांगेल कोणती शेळी ती. तिच्या हाताखाली शेळ्या दूध चोरत नाहीत. दोन पोरं झाली तिला. एक आठ दिवसांचं होऊन गेलं, दुसरं रडलंच नाही. मी दोन्ही वेळेला तिच्या पाठीशी बसले होते. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने कुणाला सांगितलं नाही. मीच ओळखलं, आणि सगळ्यांना सांगून मोकळी झाले. हे सगळं घडलं तेव्हा तिला सातवा महिना होता.

आता विहिरीचं सांगते, आणि खरं सांगते, कारण खोटं वागून झालंय माझं.

कोरड्या नदीच्या वाळूत आमच्या घराण्याची विहीर आहे, नाइबोर तिचं नाव. उन्हाळ्यात वाळू उपसत उपसत ती इतकी खोल जाते की चार माणसं एकावर एक उभी केली तरी डोकं बाहेर यायचं नाही. संध्याकाळी सगळ्यात शेवटी जो पाणी भरेल त्याने तोंडावर काट्यांच्या फांद्या ओढायच्या, हा नियम. रात्री हत्ती पाणी हुंगत येतात. मोठे हत्ती माणसासारखे शहाणे असतात, सोंड आत सोडून बेताने पितात. पिल्लांना कुठली अक्कल? ती घसरतात. म्हणून काटे. आणि या काट्यांवरून वस्तीत सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी कोण, तर मीच.

त्या संध्याकाळी मी आणि सिलापेई, दोघीच होतो. तिला मी गाढवं देऊन पुढे पाठवलं. पोटुशी बाई, अंधार पडायच्या आत घरी गेलेली बरी. माझा शेवटचा डबा भरला तेव्हा गुडघा असा काही ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. काट्यांचा ढीग पलीकडच्या काठावर, पन्नास पावलं. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय? आणि डबा पाठीला लावून घरी आले.

सकाळी नाइबोरमध्ये हत्तीचं पिल्लू होतं. नाकापर्यंत पाण्यात, सोंड तेवढी वर धरलेली. काठावरची वाळू कळपाने तुडवून तुडवून खचवली होती. बिचाऱ्यांनी रात्रभर हातपाय मारले असणार. उजाडताना गुरं आणि माणसं आली, तसा कळप निघून गेला. अनाथ पिल्लं सांभाळतात त्या ठिकाणची माणसं आली, दोरखंड लावून त्याला वर काढलं, गाडीत घालून घेऊन गेली. पिल्लू मादी होती. तिचा आवाज फुटत नव्हता, नुसता घशात गुरगुराट. आमच्यातल्या बायका तोंडावर हात ठेवून रडल्या. आमच्याकडे हत्तीला कुणी जनावर म्हणत नाही. वाटेत त्याचं हाड दिसलं तरी आम्ही हिरवी फांदी ठेवून पुढे जातो.

दुपारी बाभळीखाली म्हातारे बसले. एकच प्रश्न होता. काल नाइबोरवर शेवटी कोण होतं?

बोलणार होते हो, देवाशपथ बोलणार होते, नुसतं शब्द जुळवत होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बारीक आवाज आला, "मी."

सिलापेई!

मला वाटलं, भेदरलीय. ही बाई अशी आहे की सूर्य कुणी बुडवला विचारलं तरी म्हणेल मी. आत्ता उठावं आणि म्हणावं, अहो, तिचं काय ऐकता, मी होते. पण सगळी वस्ती बसलेली. काट्यांवरून ज्यांना ज्यांना मी शिव्या घातल्या ते सगळे समोर. मी मूग गिळून बसले. म्हटलं, फार तर एखादी शेळी द्यावी लागेल, ती मी माझ्यातली देईन, मिटलं.

मिटलं नाही. सगळ्यात म्हाताऱ्या बाबांनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि काठी खाली ठेवली. म्हणाले, "पोरी, तूही आई होणार आहेस. ते पिल्लू रागात गेलं तर एकटं जायचं नाही, सोबत घेऊन जाईल. ते जिवंत आहे तोवर जा. पांढऱ्या शेळीचं दूध तोंडात घेऊन त्याच्या कपाळावर उडव आणि स्वतःच्या नावाने माफी माग. तीनदा. तिसऱ्यांदा घेतलेलं नाव बसतं, मग ते पुसता येत नाही."

ज्याचा गुन्हा त्याचंच नाव. भलत्याच नावाने मागितलेली माफी पोचायची कशी? आणि पोचली नाही तर पिल्लू कुणाला घेऊन जाणार? हे सगळं मला तिथेच, त्या बाभळीखाली कळलं. तरी मी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, वाटेत बोलू, असं करत दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीने आम्ही निघालो. पिल्लांसाठी ती माणसं आमच्याच भागातून शेळीचं दूध नेतात. मागे कॅनच्या मधे आम्ही दोघी, आणि पलीकडच्या वस्तीतल्या दोघी बायका. सिलापेईने डोळे गच्च मिटून माझा हात धरला होता. आज मी थट्टा केली नाही. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी लागली.

"अक्का, ते हलत नाहीये."

"काय हलत नाहीये?"

"पोटातलं. काल सकाळपासून."

मी म्हटलं, "झोपलं असेल. पोरं झोपतात पोटात."

"दुसरंही असंच झोपलं होतं," ती म्हणाली.

तेव्हा तरी बोलायचं ना? पण त्या दोघी बायका समोर बसून टुकूटुकू बघत होत्या. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी तिच्या पोटाकडे बघत होते.

पोचलो तेव्हा मोठ्या पिल्लांची दूध प्यायची वेळ होती. लांबून आलेले पाहुणे ओट्यावर रांगेत उभे. पिल्लं धुरळा उडवत धावत आली, बाटल्या ओढू लागली, पाहुणे टाळ्या वाजवून खिदळले. काय हसण्यासारखं होतं मला कळेना. माझ्या कानांत त्यांच्या पोटातला तो गुरगुराट घुमत होता, तो कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. वीस पिल्लं म्हणजे वीस आया मेल्या किंवा हरवल्या. त्यातली एक आई आमच्या नदीत अजून फिरत असेल.

नामायियाना आम्हाला न्यायला आली. शेजारच्या वस्तीतली पोर, इथे पिल्लं सांभाळते, हिरवा कोट घालून. तिने आधी सिलापेईकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मावशी, लवकर चला. नाइबोरचं काही खरं नाही."

"विहिरीचं काय झालं आता?" मी विचारलं.

"विहीर नाही हो, पिल्लू. जिथे सापडतं तिथलं नाव ठेवतो आम्ही."

आमच्या विहिरीचं नाव! म्हणजे ज्याने ज्याने त्या पिल्लाला हाक मारली त्याला ठाऊक होतं कुणाच्या घराण्याची चूक.

"छातीत पाणी गेलंय," नामायियाना चालता चालता सांगत होती. "दोन दिवस बाटली तोंडात धरत नाही. मी शेजारीच झोपते तिच्या. काल झोपेत ओरडत होती."

लाकडाच्या ओंडक्यांनी केलेलं वेगळं आवार होतं, त्यात गवतावर ती उभी होती, पाठीवर घोंगडी बांधलेली. उभी म्हणजे काय, ओंडक्याला टेकलेली. केवढीशी ती! माझ्या कमरेलाही लागली नसती. गुडघे सोलवटलेले. कानामागे अजून आमच्या नदीची वाळू चिकटली होती, आणि ती वाळू दिसली तसा मी चेहरा फिरवला.

सिलापेई दारात थांबली. ज्या बाईला दुधाच्या गाडीची भीती, ती हत्तीच्या आवारात शिरणार कशी? पण शिरली. एका हाताने पोट धरलं, भोपळ्यातलं दूध तोंडात घेतलं आणि पिल्लाच्या कपाळावर फुर्रकन उडवलं.

"मी सिलापेई, लेसेपेनच्या घरची. नाइबोर मी उघडी टाकली. मला माफ कर."

पिल्लाने कान फाकवले आणि ते किंचाळलं. एवढ्याशा जिवातून असला आवाज निघेल असं वाटलं नव्हतं, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. ते मागे सरत गेलं आणि ओंडक्यावर आदळलं. लगेच शेजारच्या आवारातून धाड! तिथलं मोठं पिल्लू कुंपणावर डोकं आपटत होतं. ओंडके हलले, माती पडली.

"हलू नका," नामायियाना म्हणाली. "घाबरलीत ती, बाकी काही नाही." पण तिचाही आवाज कापत होता.

सिलापेई हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने परत दूध घेतलं.

"मी सिलापेई, लेसेपेनच्या घरची. नाइबोर मी उघडी..."

पिल्लाचे पुढचे पाय दुमडले. ते गुडघ्यांवर आलं आणि त्याच्या सोंडेतून पाणी गळायला लागलं. सिलापेईने वाक्य पुरं केलं. दोनदा झालं. तिने तिसऱ्यांदा भोपळा तोंडाला लावला, आणि मला एकदम दिसलं ते असं, की हे नाव आता बसणार, आणि सातव्या महिन्यातलं ते पोर न हलताच बाहेर येणार, आणि मी तिसऱ्यांदा तिच्या पाठीशी बसणार, पाठ चोळत, तोंड मिटून.

मी आत धावले. गुडघाबिडघा सगळं विसरले. तिच्या तोंडावर हात दाबला, दूध माझ्या बोटांमधून खाली सांडलं.

"गप! एक अक्षर बोलू नकोस," मी ओरडले. "हिने नाही केलं. ऐकतेस का गं पिल्ला? हिने नाही. मी! मी नोसायेन, लेसेपेनची थोरली. काटे मी लावले नाहीत. गुडघा दुखत होता म्हणून. आळस केला म्हणून. हिला घ्यायचं नाही, हिच्या पोटातलं घ्यायचं नाही. घ्यायचं तर मला घे."

गाडीतल्या त्या दोघी बायका कुंपणाशी उभ्या होत्या, गाडीवाला होता, दोन पाहुणे होते. ऐकू दे. मी भोपळा घेतला, दूध तोंडात भरलं, खाली बसले आणि त्या एवढ्याशा कपाळावर उडवलं. तीनदा नाव घेतलं. तिसऱ्या वेळेला पिल्लाची सोंड माझ्या हाताला लागली, गार आणि ओली. मी डोळे मिटून घेतले. आता ओढून नेईल असं खरंच वाटलं. तिने नुसतं हुंगलं आणि सोंड काढून घेतली.

दूध काही प्यायली नाही ती. एका नावाने असं पटकन बरं होतं का कुणी? नामायियाना म्हणाली, "जा मावशी तुम्ही. काय होईल ते कळवते."

येताना गाडीने आम्हाला नदीपाशी सोडलं. तिथून वस्ती तासाभराच्या वाटेवर. वाटभर सिलापेई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं आता चिडेल, शिव्या देईल, झिंज्या धरील. धरू दे, मी तयार होते. शेवटी मला राहवेना.

"बोल ना गं काहीतरी. एवढं मोठं पाप मी तुझ्यावर ढकललं, बोल!"

"मला माहीत होतं, अक्का."

"काय माहीत होतं?"

"वळणावर गाढव अडलं होतं, तेव्हा मी मागे बघितलं. तुम्ही काट्यांकडे बघत उभ्या होतात. मग तशाच निघालात."

मी वाटेतच थांबले. "मग माझं नाव का नाही घेतलंस? बये, पोटात पोर असताना?"

"भीती वाटली."

"कुणाची? म्हाताऱ्यांची? अगं, ते काय खाणार होते तुला?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात पोटावरच होता.

"तुमची," ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही घरी येऊन बोलला असतात. मग रोज बोलला असतात. बायकांसमोर, विहिरीवर. हत्तीने नेलं असतं तर एकदाच नेलं असतं, अक्का. पोरासाठी मी रडले असते. दोनदा रडलेय, तेवढं जमतं मला. तुमचं बोलणं नाही जमत."

हे ती रागाने बोलली असती तर मी उलट दोन शब्द सुनावले असते, माझा स्वभावच तसा. पण ती नेहमीसारखीच बोलली, हळू, जणू शेळीला काय झालंय ते सांगतेय. आणि बोलून झाल्यावर तिने पटकन माझ्या तोंडाकडे बघितलं, मी आता काय म्हणते ते बघायला. ती नजर मी त्याआधी शंभर वेळा पाहिली असेल, आणि मला वाटायचं बाई तरसाला घाबरलीय, विजेला घाबरलीय.

मी भोपळा काखेत मारला आणि पुढे चालू लागले.

चार दिवसांनी दुधाच्या गाडीबरोबर निरोप आला, पिल्लाने अर्धी बाटली घेतली. पुढच्या खेपेला पुरी घेतली. पोटातलं पोर आम्ही परत आलो त्याच संध्याकाळी हललं होतं म्हणे. हे मला सिलापेईने नाही सांगितलं, शेजारणीकडून कळलं. वस्तीने दंड म्हणून माझ्याकडून एक गाय घेतली आणि महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही, तेही मी निमूट सोसलं. पाऊस लागला तेव्हा सिलापेईला मुलगी झाली. ओरडतच आली बाहेर. मी पाठीशी होते. त्या दिवशी मी इतकी रडले की सुईणीने मला बाहेर काढलं.

तेव्हापासून मी जीभ आवरते. खरंच आवरते, कुणालाही विचारा. एखादा शब्द ओठावर येतो, मी गिळते. सिलापेईला दूध नेऊन देते, तिच्या वाटचं लाकूड तोडते, पोरीला अंगाखांद्यावर खेळवते. तिला मी म्हटलंसुद्धा, "अगं, आता मला भिऊ नकोस." ती हसली आणि म्हणाली, "नाही, अक्का." लगेच म्हणाली, मी सांगितलं म्हणून.

मी तिच्या झोपडीत शिरले की ती हातातलं काम टाकून उठून उभी राहते. तिला ते कळतही नसेल. आणि पोरगी आता वर्षाची झाली, नुकती उभी राहायला शिकलीय. मी आत आले की आईचं बघून तीही कुडाला धरून धडपडत उठते, आणि मी काय म्हणते ते बघत उभी राहते.